प्रवेशाचा होकार आणि शिष्यवृत्तीची वाट

परदेशातील विद्यापीठांसाठी अर्ज करणे किती जिकिरीचे असते याविषयी पुष्कळ बोलले जाते. अर्ज पाठवून झाल्यानंतर जे चार-सहा महिने येतात त्यांची मात्र "आता काय, वाट पाहायची" एवढ्याच वाक्यात बोळवण होते. मी संख्याशास्त्रातील पीएच.डी.साठी अमेरिकेतील काही विद्यापीठांकडे आणि एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनमधील काही विद्यापीठांकडे अर्ज केले होते. ब्रिटनमध्ये शिकायचे तर पैशांची सोय वेगळी करावी लागणार होती, म्हणून एका स्वतंत्र शिष्यवृत्तीचाही अर्ज केला होता. डिसेंबरपासून पुढचे काही महिने मी कसे काढले ते सांगावेसे वाटते, कारण नकारांनी दिला त्यापेक्षा कितीतरी अधिक त्रास मला अर्धवट होकारांनी दिला आणि त्याची पूर्वकल्पना मला कोणी दिलेली नव्हती.

पहिले काही आठवडे खरे म्हणजे वाट पाहण्याचे नसतातच. अर्ज पाठवला की तो पूर्ण झाला असे आपण समजतो, पण विद्यापीठाच्या लेखी तो पूर्ण व्हायला आणखी बरेच काही पोहोचावे लागते. पोर्टलवर एक यादी असते: गुणपत्रके, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, मागितली असेल तर जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा आणि शिफारसपत्रे. प्रत्येक नोंदीसमोर एक तर हिरवी खूण असते किंवा "अद्याप प्राप्त नाही" असा शेरा. परीक्षेचे गुण आपण अर्जात भरले तरी बहुतेक ठिकाणी ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडूनही थेट जावे लागतात, आणि ते पोहोचून आपल्या नावाला जोडले जाईपर्यंत काही दिवस जातात. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे आणि जीआरईचे पाच वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर कोणती परीक्षा परत द्यावी लागेल, हा हिशेबही नकळत याच काळात मनात सुरू होतो.

माझ्या एका शिफारसपत्रासमोरची खूण मुदत उलटली तरी हिरवी होत नव्हती. ज्या सरांनी आपल्यावर उपकार म्हणून पत्र लिहायचे कबूल केले आहे त्यांच्या मागे लागणे जिवावर येते. शेवटी मी लिहिले, "सर, परीक्षांच्या कामात तुम्ही व्यग्र असाल याची कल्पना आहे. या एका विद्यापीठाच्या पोर्टलवर पत्र अजून पोहोचलेले दिसत नाही. त्यांचा मेल कदाचित स्पॅममध्ये गेला असेल, तेवढे सवडीने पाहाल का?" मेल खरोखरच स्पॅममध्ये गेला होता आणि त्याच संध्याकाळी पत्र पोहोचले. दरम्यान मी त्या विभागाच्या कार्यालयाला विचारले होते. शिफारसपत्रे मुदतीनंतर काही दिवसांत आली तरी चालतात, असे त्यांचे उत्तर आले. असे प्रश्न विचारायला मी एरवी कचरले असते, पण पुढच्या सगळ्या काळात मला खरा उपयोग झाला तो विभागाच्या कार्यालयातल्या माणसाला नेमका आणि थोडक्यात प्रश्न विचारण्याचाच.

जानेवारीत करण्यासारखे काही उरले नाही. पोर्टलवर सगळ्या खुणा हिरव्या आणि त्यांच्यावर "अर्ज विचाराधीन आहे" ही ओळ. ती ओळ अर्ज कोणी उघडलाही नसेल तेव्हा जशी असते तशीच निकालाच्या आदल्या दिवशीही असते, त्यामुळे ती दिवसातून कितीही वेळा पाहिली तरी तिच्यातून काही कळण्यासारखे नसते. हे माहीत असूनही मी ती पाहत असे. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली मी पूर्वी प्रकल्प केला होता त्या मॅडमना मी एकदा विचारले की, एवढे दिवस काही कळत नाही याचा अर्थ काय घ्यायचा. त्या म्हणाल्या, "अगं, समिती बसल्याशिवाय निकाल कसा लागेल? तू अर्थ कसले लावत बसतेस, आधी कोण कधी बसणार आहे ते शोध." मला तेव्हा थोडे लागले, पण घरी आल्यावर मी एक तक्ता केला. प्रत्येक अर्जासमोर मी चार गोष्टी लिहिल्या: प्रवेशाचा निर्णय कोण घेते, पैशांचा निर्णय कोण घेते, दोन्ही साधारण केव्हा होतात, आणि होकार आलाच तर मला उत्तर केव्हापर्यंत द्यावे लागेल. पहिल्या तीन रकान्यांतील माहिती विभागांच्या पानांवर बहुधा मिळते. चौथ्या रकान्यासाठी पुष्कळ शोधावे लागते आणि पुढे सगळे अडते ते तिथेच.

तक्ता भरताना जे समजत गेले ते असे. अमेरिकेत पीएच.डी.चे अर्ज प्रामुख्याने विभागातील प्राध्यापकांची एक समिती वाचते. डिसेंबरच्या अखेरीस सुट्ट्या असतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये मुदत संपली तरी खरे वाचन बहुतेक जानेवारीत सुरू होते. समिती आपली शिफारस विद्यापीठाच्या पदव्युत्तर शाळेकडे पाठवते आणि औपचारिक पत्र तिथून निघते. म्हणून एखाद्या प्राध्यापकाचा आनंदाचा मेल आधी येतो आणि पोर्टलवरची ओळ कितीतरी दिवसांनी बदलते. माझ्या विषयात पीएच.डी.चा प्रवेश आणि पैसा साधारणपणे एकत्रच येतात, कारण विभाग आपल्याकडे शिकवायला किती साहाय्यक लागतील आणि कोणत्या प्राध्यापकाच्या अनुदानात किती जणांचा खर्च बसेल, हे पाहूनच जागा ठरवतो. मास्टर्सचे तसे नाही. तिथे प्रवेश देणारे वेगळे आणि पैसा देणारे वेगळे असतात. ब्रिटनमध्ये तर हे फार ठळकपणे दिसते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज नसतो. ठरावीक मुदतीत प्रवेशाचा अर्ज केला की त्या अर्जाचा तिच्यासाठीही विचार होतो. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र पूर्णपणे स्वतंत्र असतो: आदल्या वर्षी अर्ज, नव्या वर्षात मुलाखती आणि जूनच्या सुमारास निकाल. त्यात आपण तीन अभ्यासक्रमांची नावे देतो, पण तिथले प्रवेश आपले आपणच मिळवायचे असतात. मी ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता तिचे वेळापत्रकही याच धाटणीचे होते. एवढे कळल्यावर माझ्या तक्त्यात दोन तारखा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. विद्यापीठाला उत्तर द्यायचे ते एप्रिल-मेमध्ये आणि पैसे मिळणार की नाही हे कळायचे ते जूनमध्ये.

आपल्याला जसे उत्तर माहीत नसते तसे विद्यापीठालाही आपले उत्तर माहीत नसते, ही बाजू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असूनही माझ्या लक्षात उशिराच आली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एक छोटासा, आज फार प्रसिद्ध असलेला शोधनिबंध लिहिला. त्याची सुरुवातच या पेचाने होते. महाविद्यालयाकडे जागा ठरावीक असतात, पण तेवढ्याच जणांना बोलावून भागत नाही, कारण बोलावलेले सगळे येत नाहीत. अर्जदाराने आणखी कुठे अर्ज केला आहे, तिथे त्याला घेतील का, आणि घेतले तर तो कुठे जाईल, यांपैकी काहीच महाविद्यालयाला ठाऊक नसते. प्रतीक्षायादीने हा पेच सुटत नाही, तो अर्जदाराच्या अंगावर येतो, हेही त्यात सांगितले आहे. दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांवरून स्थिर जुळणी, म्हणजे जी मोडून एकमेकांकडे जावे असे कोणत्याही अर्जदाराला आणि महाविद्यालयाला एकाच वेळी वाटणार नाही अशी जुळणी, कशी लावता येईल याची रीत त्यांनी दाखवली, आणि त्या विचाराच्या परंपरेतील कामासाठी शॅप्ली व अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणाच्या जागा १९५० च्या दशकापासून अशा मध्यवर्ती जुळणीने भरल्या जातात. पीएच.डी.च्या प्रवेशांना तसली काही सोय नाही. प्रत्येक विभाग आपापल्या अंदाजाने काही जणांना बोलावतो, काहींना नाकारतो आणि उरलेल्यांना काहीच न कळवता थांबवून ठेवतो. या तिसऱ्या गटात आपण असू शकतो हे समजले, तेव्हा फेब्रुवारीतल्या शांततेचा अर्थ लावण्याचा माझा नाद बराच कमी झाला. पूर्ण गेला असे म्हणणे खोटे ठरेल.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका विभागाने मुलाखतीला बोलावले. व्हिडिओवर दोन प्राध्यापक होते आणि सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपले. पहिल्या प्राध्यापिकेने माझ्या प्रकल्पाविषयी थोडक्यात सांगायला लावले आणि मी दोन वाक्ये बोलते न बोलते तोच विचारले, "ज्या कुटुंबांच्या नोंदी अपूर्ण होत्या ती वगळली असती, तर निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकला असता?" नोंदी वगळून आणि अंदाजाने भरून अशा दोन्ही प्रकारे मी हे काम केलेले होते, त्यामुळे उत्तर तोंडावर होते, पण त्यापेक्षा मला बरे वाटले ते प्रश्नाने. माझा अर्ज कोणीतरी शेवटपर्यंत वाचला होता. तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे त्यांनी शेवटी म्हटल्यावर मी दोनच गोष्टी विचारल्या: निर्णय कधीपर्यंत होतील, आणि प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला पूर्ण काळ आर्थिक आधार असतो का. दुसरे प्राध्यापक म्हणाले की, पहिल्या फेरीत ते मोजक्यांनाच बोलावतात आणि पुढचे चित्र एप्रिलमध्ये स्पष्ट होते. मुलाखतीनंतरचे काही दिवस मी त्यांच्या प्रत्येक वाक्याचा कीस काढला. त्यांनी निरोप घेताना "लवकरच बोलू" म्हटले की "लवकरच कळवू", यावर मी आणि माझी मैत्रीण एक अख्खी संध्याकाळ बोलत होतो. मुलाखत देऊन आलेल्या कोणालाही यातून सुटका नसावी असे मला वाटते.

नकार आले ते सगळे साधारण एकाच साच्याचे होते: अर्जांची संख्या मोठी, जागा कमी, निर्णय कठीण. मेलच्या विषयात केवळ "आपल्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे" एवढेच असते; पोर्टलचा पासवर्ड टाकून आत जावे लागते आणि पत्राच्या पहिल्या ओळीतच जे कळायचे ते कळते. पहिल्या नकाराने दोन दिवस वाईट गेले, नंतरच्यांनी तेवढे गेले नाहीत. त्यांच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही, कारण नकाराला उत्तर द्यायचे नसते आणि त्याला मुदतही नसते.

मार्चमध्ये ब्रिटनमधील एका विद्यापीठाचा होकार आला आणि घरात आनंदीआनंद झाला. पत्र तीन पानांचे होते. पहिल्या पानावर अभिनंदन होते. दुसऱ्या पानावर अटी होत्या: पदवीचे मूळ प्रमाणपत्र सादर करावे, इंग्रजीचे गुण पडताळून घ्यावेत. तिसऱ्या पानावर अनामत रक्कम आणि ती भरण्याची तारीख होती, आणि ती तारीख शिष्यवृत्तीच्या निकालाच्या बरीच आधीची होती. पत्रात शिष्यवृत्तीविषयी एकच वाक्य होते: आर्थिक साहाय्याचे निर्णय स्वतंत्रपणे कळवले जातील. आई विचारत होती, "म्हणजे मिळाला ना प्रवेश?" आणि मला तिला हो म्हणावे की नाही हे कळत नव्हते. प्रवेश मिळाला होता. जाता येणार नव्हते. आणि जाता येणार नाही असेही अजून म्हणता येत नव्हते. नकाराचे दुःख निदान सांगता येते. या स्थितीत लोक पेढे मागतात आणि आपण मनात आकडेमोड करत असतो.

येथे मी पुन्हा कार्यालयाला लिहिण्याचा मार्ग धरला. मेलचा मसुदा मी बरेच दिवस घोळवला आणि शेवटी तो पाच वाक्यांवर आणला: "आपल्या प्रवेशपत्राबद्दल आभारी आहे आणि हा अभ्यासक्रम माझ्या पसंतीत वरच्या स्थानावर आहे. माझ्या शिक्षणाचा खर्च एका शिष्यवृत्तीवर अवलंबून असून तिच्या मुलाखतीसाठी माझी निवड झाली आहे. निवडीचे पत्र सोबत जोडले आहे. तिचा निकाल जूनमध्ये अपेक्षित आहे. अनामत रक्कम भरण्याची मुदत तोपर्यंत वाढवून मिळू शकेल का, आणि ते शक्य नसल्यास शिष्यवृत्ती न मिळाल्यावर ही रक्कम परत मिळते का, हे कृपया कळवावे." या मेलमध्ये जोडलेल्या पत्राचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. नुसती मुदत मागणारे पुष्कळ असतात. मुलाखतीपर्यंत पोहोचल्याचा कागद दाखवला की कार्यालयालाही फाइलवर ठेवायला काहीतरी मिळते. त्यांनी मुदत काही आठवड्यांनी वाढवली, पण जूनपर्यंत नाही, आणि अनामत परत मिळण्याविषयी स्पष्ट सांगितले की, व्हिसा नाकारला गेला तर मिळेल, पैशांची सोय झाली नाही म्हणून मिळणार नाही. हे कलम पत्रातील दुव्यावर बारीक अक्षरांत होते. पण पैसे भरायच्या आधी ते कोणाकडून तरी लेखी घेतलेले बरे.

याच सुमारास मी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील मानसशास्त्रज्ञ केट स्विनी यांच्या कामाविषयी वाचले. त्या आणि त्यांचे सहकारी निकालाची वाट पाहणाऱ्या माणसांचाच अभ्यास करतात. कॅलिफोर्नियातील वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांचा निकालापर्यंतच्या चार महिन्यांत त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये त्यावर लिहिले. आशा धरणे, वाईटाची तयारी ठेवणे, त्यातही काही चांगले आहे असे स्वतःला समजावणे, या नेहमीच्या उपायांनी वाट पाहण्याचा त्रास फारसा कमी होत नाही, असे त्यांना आढळले. त्याहून विशेष म्हणजे, ज्यांनी तो काळ अधिक अस्वस्थतेत घालवला त्यांनी वाईट निकाल आला तेव्हा तो अधिक नीट हाताळला, आणि चांगला आला तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला. "शांत राहा, सकारात्मक विचार कर" हा सल्ला मला तोपर्यंत सर्व बाजूंनी मिळत होता आणि तो जमत नाही याचेही एक वेगळे ओझे झाले होते. ते या अभ्यासाने उतरवले. पुढच्या एका अभ्यासात याच गटाला असेही दिसले की, भान हरपून काम करता येईल अशा गोष्टीत गुंतलेल्यांना वाट पाहणे थोडे सुसह्य होते. माझा अनुभवही तोच आहे, मात्र त्यात एक पोटभेद आहे. नुसते मनोरंजन उपयोगी पडत नाही. चित्रपट पाहतानाही हात फोनकडे जातोच. अडखळायला लावणारे काम लागते. मी मॅडमच्या सांगण्यावरून जुन्या प्रकल्पाचा शोधनिबंध लिहायला घेतला आणि त्यातील एका सिद्धतेत इतकी अडकले की, काही दुपारी मेल पाहायचा राहूनच गेला.

घरच्यांशीही एक करार करावा लागला. अमेरिकेतली कार्यालये उघडतात तेव्हा आमच्याकडे रात्र झालेली असते हे आईला कळल्यापासून रोज जेवणानंतर ती माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागली होती. मी तिला म्हटले, "आई, काही आलं की मी होऊन सांगेन. तू विचारू नकोस, म्हणजे मला रोज 'नाही' म्हणावं लागणार नाही." तिने ते पाळले. दादाने पाळले नाही, तो थेट विचारायचा नाही, पण "नेट चालू आहे ना गं?" असे म्हणायचा.

मार्चच्या अखेरीस एका विद्यापीठाचा पीएच.डी.साठी आर्थिक आधारासह होकार आला. माझ्या यादीत ते वरच्या स्थानावर नव्हते. ज्यांनी मुलाखत घेतली होती त्या विभागाने त्याच आठवड्यात मला प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले. यापुढची माझी तारीख १५ एप्रिल होती. अमेरिकेतील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा १९६५ पासून चालत आलेला एक ठराव आहे: आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करू नये. सगळी विद्यापीठे त्याला बांधील नाहीत, आणि ज्या प्रवेशासोबत पैसा नाही त्याला तो लागू होत नाही. म्हणून आपल्या विद्यापीठाने त्यावर सही केली आहे का हे पाहावे लागते. सही केली असेल तर घाईने उत्तर मागणाऱ्या मेलला नम्रपणे त्या ठरावाची आठवण करून देता येते. प्रतीक्षायाद्या या तारखेच्या आसपास हलतात, त्याचे कारण हेच. ज्यांच्याकडे दोन-तीन प्रस्ताव असतात ते शेवटपर्यंत ते धरून ठेवतात आणि त्यांनी सोडलेल्या जागा मग खालच्यांपर्यंत येतात.

हातातल्या प्रस्तावाचे पत्र मी तेव्हा पेन्सिल घेऊन वाचले. ट्युशन फी माफ होती, पण विद्यापीठाची इतर शुल्के दर सत्रात मलाच भरायची होती. आरोग्यविम्याचा मोठा भाग विद्यापीठ भरणार होते. वेतन नऊ महिन्यांचे होते. उन्हाळ्यासाठी "बहुतेक विद्यार्थ्यांना काम मिळते" असे म्हटले होते, आणि या "बहुतेक" शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. बदल्यात आठवड्याला वीस तास शिकवण्याचे काम करायचे होते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात करता येणाऱ्या कामाची मर्यादाही तेवढीच असते, म्हणजे शिकवण्याखेरीज आणखी काही करून तूट भरून काढणे शक्य नव्हते. शेवटी लिहिले होते की, हा आधार समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता यांवर अवलंबून राहील. हे वाक्य अशा पत्रांत सहसा असतेच, पण ते प्रत्यक्षात कधी वापरले गेले का, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारता येते. विभागाच्या समन्वयक बाईंनी दोन विद्यार्थिनींचे पत्ते दिले. भाडे आणि शुल्के जाऊन महिन्याला किती उरते, गेल्या उन्हाळ्यात काम मिळाले का, कोणाचे वेतन मध्येच थांबले का, हे मी त्यांना सरळ विचारले आणि त्यांनीही आडपडदा न ठेवता सांगितले. पत्रातल्या आकड्यांचा अर्थ मला त्या संभाषणानंतर लागला.

प्रतीक्षायादीवरच्या विभागाला मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिले की, दुसरीकडून प्रस्ताव आहे, तरीही तुमच्याकडे येण्याची इच्छा कायम आहे, आणि यादीत मी कुठे आहे हे सांगता येईल का. उत्तर आले की, त्यांची यादी क्रमवार नसते. विषयाच्या ज्या शाखेतील विद्यार्थी नकार देईल त्या शाखेतल्याच दुसऱ्याला बोलावले जाते, आणि १५ तारखेच्या आधी काही सांगणे कठीण आहे. मला उत्तर द्यायचे होते तेही १५ तारखेलाच. दादाचे म्हणणे होते की, होकार देऊन टाक आणि तिकडून बोलावणे आले तर मग पाहू. मला ते पटले नाही. होकार दिल्यावर शब्द फिरवायचा, तर ज्या विभागाने माझ्यासाठी जागा आणि पैसा राखून ठेवला त्याला ऐनवेळी दुसरा विद्यार्थी मिळणे अवघड होते, आणि पुढची निदान पाच वर्षे ज्या छोट्याशा क्षेत्रात काढायची तिथे दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखतात. मी हातातला प्रस्ताव स्वीकारला आणि त्याच दिवशी प्रतीक्षायादीतून नाव काढून घ्यायला कळवले. त्या विभागाची यादी नंतर हलली की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलेही नाही.

ब्रिटनच्या विद्यापीठाला नकार कळवणे सोपे गेले. शिष्यवृत्तीचे जड गेले, कारण मुलाखत अजून व्हायची होती आणि घरात सगळ्यांचे मत "देऊन तर बघ" असेच होते. तिच्या नियमांत मुलाखतीआधी माघार घेता येत होती आणि मोकळी झालेली वेळ राखीव यादीतील उमेदवाराला मिळत होती. माझी मैत्रीण त्याच वेळी युरोपातील काही विद्यापीठे मिळून चालवतात अशा एका इरास्मस मुंडस अभ्यासक्रमाच्या राखीव यादीत होती. वरच्यांपैकी कोणी माघार घेतली की खालच्याला बोलावले जाते, आणि पक्क्या यादीतले लोक नकोसा झालेला प्रस्ताव किती काळ दाबून ठेवतात हे मी तिच्या रोजच्या फोनवरून ऐकत होते. मी माघारीचे पत्र पाठवले. तिला जूनच्या अखेरीस बोलावणे आले. तोपर्यंत तिने मनाने दुसरी नोकरी धरली होती आणि हो म्हणायला तिला आठवडाभर लागला.

माझ्याकडे आता व्हिसाची कागदपत्रे सुरू झाली होती. विद्यापीठाने पाठवलेल्या आय-२० या कागदावर दोन रकाने शेजारीशेजारी असतात: एका बाजूला नऊ महिन्यांचा अंदाजे खर्च आणि दुसऱ्या बाजूला तो कोठून भागणार याची नोंद. खर्चाच्या बाजूला ती सगळी शुल्के होती, आणि दुसऱ्या बाजूला माझे वेतन व फीमाफी मिळून बेरीज थोडी कमी भरत होती. तेवढ्या फरकासाठी बँकेचे पत्र जोडावे लागले, त्यावर दादाची सही झाली, आणि मग मुलाखतीची तारीख मिळाली ती जुलैमधली.